कमिशनला लगाम घालणे महापालिकेच्या हातात आहे का?

प्रश्न : विश्रामबागेत माझी लहानशी खानावळ आहे. दुपारच्या थाळ्यांपैकी जवळपास निम्म्या आता एका ॲपवरून जातात. करार करताना २५ टक्के कमिशन सांगितले होते. पण २०० रुपयांच्या थाळीमागे माझ्या खात्यात दीडशे रुपयेही जमा होत नाहीत. अमेरिकेतील शहरांनी हे कमिशन १५ टक्क्यांवर रोखले आहे, असे माझा मुलगा सांगतो. आपल्या महापालिकेला तसा ठराव करता येणार नाही का? नगरसेवकांना निवेदन द्यावे म्हणते.
— एक खानावळचालक, सांगली

उत्तर : आपल्या चिरंजीवांची माहिती बरोबर आहे, पण ती अर्धी आहे. एप्रिल २०२० मध्ये, हॉटेलांची सारी भिस्त पार्सलवर आली असताना, सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटल या शहरांनी कमिशनवर १५ टक्क्यांची मर्यादा घातली. न्यूयॉर्कने ऑगस्ट २०२१ मध्ये ती कायमची केली : जेवण पोहोचवण्याचे १५ टक्के, ॲपवर नाव दाखवण्यासारख्या सेवांचे ५ टक्के आणि पैशांच्या व्यवहाराचे ३ टक्के. कंपन्या न्यायालयात गेल्या. पुढे सॅन फ्रान्सिस्कोने २०२२ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२५ मध्ये नियम सैल करून, जादा सेवा घेणाऱ्या हॉटेलांकडून जादा आकारणी करण्याची मुभा दिली. शिकागोमध्ये तर मर्यादा येताच डोअरडॅश कंपनीने ग्राहकाच्या बिलात दीड डॉलरचे ‘शिकागो शुल्क’ लावले. हॉटेलाकडून सुटलेले पैसे असे गिऱ्हाइकाच्या खिशातून निघाले आणि २०२१ मध्ये कंपनीविरुद्ध लावलेल्या दाव्यात शहराला या शुल्काचाही मुद्दा घ्यावा लागला.

आता आपल्या महापालिकेविषयी. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार चालते आणि त्या अधिनियमाने दिले तेवढेच अधिकार तिला वापरता येतात. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी जे १८ विषय दिले आहेत, त्यांत पाणीपुरवठा, रस्ते, स्वच्छता, अगदी कत्तलखान्यांचे नियमनही आहे. दोन व्यावसायिकांमधील कमिशनचा दर ठरवणे मात्र नाही. राज्यातील व्यापार हा राज्य सूचीतला आणि किंमत नियंत्रण हा समवर्ती सूचीतला विषय असल्यामुळे, अशी मर्यादा आणायची झाल्यास ती मुंबईतून किंवा दिल्लीतून यावी लागेल. सभागृहाने एकमताने ठराव केला, तरी तो शासनाकडे केलेल्या शिफारशीपलीकडे जाणार नाही.

निवेदन जरूर द्या, पण ते आमदारांना द्या आणि त्यात टॅक्सीचा दाखला घाला. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, ॲपवरून धावणाऱ्या टॅक्सीच्या भाड्यातील किमान ८० टक्के हिस्सा चालकाला मिळावा, असे म्हटले होते. टॅक्सीला जो न्याय सुचतो, तो थाळीला का सुचू नये, हे विचारण्यात काहीच गैर नाही.

तोपर्यंत हिशेबाकडे पाहू. २०० रुपयांवर २५ टक्के म्हणजे ५० रुपये कमिशन. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ९ रुपये. उरले १४१. ‘२५ टक्के’ प्रत्यक्षात साडेएकोणतीस टक्के होतात ते असे. जेवणावरचा ५ टक्के जीएसटी हा वेगळा. ॲपवरील विक्रीचा तो कर १ जानेवारी २०२२ पासून ॲप कंपनीच ग्राहकाकडून घेऊन भरते. खरी मेख पुढे आहे. ५ टक्के दराने कर लागणाऱ्या हॉटेलाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे ते ९ रुपये कुठूनही परत येत नाहीत, तो आपला निव्वळ खर्च ठरतो. किराणा दुकानदाराला हे सांगून पाहा, त्याला आश्चर्य वाटेल, कारण त्याला अशी वजावट घेता येते.

१४१ पेक्षाही कमी जमा होत असतील, तर आठवड्याच्या स्टेटमेंटमध्ये दोन नोंदी शोधा : ॲपवरील जाहिरातीचा खर्च आणि सवलतीतील आपला हिस्सा. ‘५० रुपये सूट’ असे ग्राहकाला दिसते, तेव्हा त्यातले किती आपल्या पदरचे आहेत, हे करारात लिहिलेले असते. माझ्या मते कमिशनच्या दरावर घासाघीस करण्यापेक्षा, आपल्या लेखी संमतीशिवाय कोणतीही सवलत लागू करू नये, एवढे मान्य करून घेणे लहान खानावळीला अधिक साधेल.

प्रश्न : हॉटेलात ६० रुपयांना मिळणारी मिसळ ॲपवर ८० रुपयांना लावली तर ते बेकायदा आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. तयार पदार्थाचा दर मालक ठरवतो आणि सातारा नगरपरिषदेचा त्याच्याशी संबंध येत नाही. अडचण आली तर ती करारातून येईल, कारण काही करारांत दोन्हीकडे समान दर ठेवण्याची अट असते. रेस्टॉरंट चालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगी यांच्या चौकशीचा आदेश दिला, त्यात या अटीचाही विचार झाला होता. दर वाढवण्यापूर्वी आपल्या करारात असे कलम आहे का, ते पाहून घ्या. असल्यास मिसळीबरोबर जादा पाव आणि ताक देऊन ॲपसाठी वेगळी थाळी करता येते आणि तिचा दर वेगळा ठेवता येतो.