इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनचे वडील काय करायचे? घरची परिस्थिती कशी होती?

वडील, रेव्हरंड जॉर्ज ऑस्टिन, इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात स्टीव्हन्टन गावच्या चर्चचे धर्मगुरू होते. लहानपणीच आईवडील गेले, तरी हुशारीच्या बळावर ऑक्सफर्डला शिकले. पत्नी कॅसँड्रा, आठ मुलं. १७७५ साली जन्मलेली जेन सातवी. चर्चच्या उत्पन्नात एवढा संसार भागेना, म्हणून वडील शेती करायचे आणि विद्यार्थी घरी ठेवून शिकवायचे. जेन शाळेत फार थोडी गेली. खरी शिकली ती वडिलांच्या पुस्तकांवर, आणि ती जवळपास ५०० होती! मला सगळ्यात भावतं ते हे: १७९७ मध्ये त्यांनी स्वतः लंडनच्या प्रकाशकाला पत्र लिहून लेकीची कादंबरी देऊ केली. उलट टपाली नकार आला. १८०५ मध्ये ते बाथला वारले. तिचं पहिलं पुस्तक निघालं १८११ साली.