खोक्याखालचं काळं पिल्लू

ताई, महिन्यापूर्वी आम्ही मिरकरवाडा जेटीवरून मांजराचं एक पिल्लू उचलून आणलं. तेव्हा कान उभे होते, डोळे निळसर होते आणि चालताना डुलायचं. मुलाने नाव ठेवलं बोंबल्या. आता त्याने घर डोक्यावर घेतलंय. सासूबाई चालू लागल्या की त्यांच्या पोटरीला लटकतो. माझे हात ओरबाडून काढलेत. परवा मुलाच्या अंगठ्याला चावला, रक्त आलं. पहाटे चारला पडद्यावर चढतो. नाकावर टिचकी मारली, तोंडावर पाणी उडवलं, तर उलट जास्तच अंगावर येतो. खाण्याची आबाळ नाही, दोन वेळा दूधभात असतो. (जेटीवर आणखी एक काळं पिल्लू होतं, ते बर्फाच्या खोक्याखाली शिरलं. हे मासळी आणायला जातात तेव्हा अजून पायाशी येतं म्हणे.) सासूबाई म्हणतात, याला होता तिथे सोडून या. काय करू?
– रत्नागिरीजवळची एक वाचक

बोंबल्याला सोडायचं नाही. कंसातलं ते काळं पिल्लू घरी आणायचं, याच आठवड्यात.

त्याआधी अंगठा. रक्त आलंय आणि पिल्लाला लस नाही, म्हणजे मुलाला आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, त्यावर हळद-चुना काही लावू नका. रेबीजची लस 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी असते. रक्त आल्यामुळे जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागेल, ते डॉक्टर बघतील. तुमचे ओरबाडलेले हातही तिथेच दाखवा. ‘एवढंसं तर पिल्लू आहे’ हे कारण नको.

आता तुमचा कंस. पिल्लांच्या डोळ्यांचा निळा रंग साधारण सहा-सात आठवड्यांनी बदलायला लागतो. निळे डोळे आणि डुलती चाल म्हणजे तुम्ही आणलंत तेव्हा बोंबल्या जेमतेम चार-पाच आठवड्यांचा होता. नेमक्या याच वयात पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडायला लागतात. एकाने दुसऱ्याचा कान जोरात चावला की दुसरं किंचाळतं, मागच्या पायांनी लाथा घालतं आणि खेळ सोडून निघून जातं. असं दिवसातून पन्नासदा झालं की चावणाऱ्याला कळतं, किती दात लावले तर खेळ चालू राहतो आणि किती लावले तर बंद पडतो. नखं आत ओढायलाही ते तिथेच शिकतं. बोंबल्याची ही शाळा पहिल्याच आठवड्यात सुटली. त्याला कुस्ती खेळायचीच आहे आणि घरात जोडीदार म्हणून उरलाय तो तुमचा हात.

हाताला केस नाहीत, सैल कातडी नाही. भावंडाला जे नुसतं टोचलं असतं, त्याने तुमचं रक्त निघतं. त्यात तुम्ही ‘आई गं’ करून हात मागे ओढता. सुटून पळणारी वस्तू म्हणजे मांजराच्या लेखी शिकार, तो दात आणखी रुतवणारच. सासूबाईंचं तेच. जमिनीपासून चार बोटांवर साडीचा काठ हलतोय, म्हणजे बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर. त्यांच्या पोटऱ्यांबद्दल वाईट वाटतं, पण परत सोडण्याचा सल्ला त्यांनी आपल्याकडेच ठेवावा. नाकावरची टिचकी त्याला समोरच्याने उगारलेला पंजा वाटते. पाण्यामुळे तो चावायचा थांबत नाही, तुम्हाला घाबरायला तेवढं शिकतो. दोन्ही आजपासून बंद.

कुस्तीचा हा ज्वर नऊ ते चौदा आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. बोंबल्या आता नऊचा आहे. म्हणजे हे अजून वाढणार.

काळं पिल्लू त्याच वयाचं आणि माणसाच्या पायाशी येणारं. याहून चांगला मास्तर तुम्हाला मिळणार नाही. शिवाय मे संपत आलाय. 1 जूनला मासेमारी बंद झाली की जेटीवर मांजरांपुढे पडायला काही उरत नाही.

ते आल्याआल्या दोघांना एकत्र सोडायचं नाही. इथेच लोक घाई करतात. जेटीवरचं पिल्लू जुलाब-उलट्यांचा विषाणूजन्य आजार घेऊन येऊ शकतं, आणि त्यात लहान पिल्लं दोन दिवसांत जातात. पडवीतल्या दार लागणाऱ्या खोलीत त्याला 14 दिवस वेगळं ठेवा. आंब्याची रिकामी पेटी आडवी करून आत जुनी साडी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला पसरट घमेल्यात दोन इंच सुकी रेती, भांडी वेगळी. तिथून बाहेर आलात की हात साबणाने धुवा. फरशीला फिनेल नको. पाण्यात दुधाळ होणारी फिनेलं मांजराला विषारी असतात, आणि पिल्लू पाय चाटतं. 30 भाग पाण्यात 1 भाग ब्लीच पुरतं, पुसून कोरडं झाल्यावरच पिल्लाला फिरू द्या. दोघांनाही पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन वजनाप्रमाणे जंताचं औषध आणि तिहेरी लसीचा पहिला डोस द्या. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, रेबीजची लस 12 आठवडे झाल्यावर.

या दिवसांत रोज एक फडकं बोंबल्याच्या गालांवर फिरवून काळ्याच्या पेटीत टाका आणि त्याचं याच्याकडे. दोघांना बंद दाराच्या दोन बाजूंना जेवायला घाला. पंधराव्या दिवशी दार उघडा, आधी दहा-पंधरा मिनिटंच. फिस्कारतील, शेपट्या फुगवतील. एका आईची असली तरी ओळख राहिलेली नसते, त्यात काही बिघडलं नाही. चार-सहा दिवसांत कुस्ती सुरू होईल. कधी हा वर, कधी तो, असं चाललं असेल तर एकजण किंचाळला म्हणून धावू नका, ते किंचाळणंच तर हवंय. एकच सारखा खाली राहत असेल, लपून बसत असेल, खाणं सोडत असेल, तरच मध्ये सूप धरून वेगळे करा. हात मात्र घालू नका.

तोवर तुमच्या हातांचं काय? चावला की हात ढिला सोडा, ओढू नका. त्याने पकड सैल केली की काही न बोलता उठून खोलीबाहेर जा, मिनिटभर. घरातल्या प्रत्येकाने, प्रत्येक वेळी. गोधडीखाली पाय हलवून गंमत बघणारं कुणी घरात असेल (असतंच), तर आधी त्याला आवरा.

खेळायला तीन फुटांची चिव्याची (बारीक बांबूची) काठी, तिला जाड सुती दोरी, टोकाला घट्ट बांधलेलं कोंबडीचं पीस. पीस त्याच्या तोंडावर नाचवू नका, त्याच्यापासून लांब, जमिनीलगत, दाराआड सरपटत न्या. पाच-सहादा तरी पकडू द्या, नाहीतर चिडून पायावर येईल. दिवसात तीनदा, दहा-दहा मिनिटं. खेळ संपला की काठी कपाटात. गिळलेली दोरी आतडी गोळा करते, आणि तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) तर कापतेच, म्हणून तंगूस बांधायचीच नाही.

शेवटचा खेळ रात्री दहाला, आणि लगेच जेवण. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा क्रम आहे, आणि पहाटेच्या पडद्यावर हाच उपाय. पण जेवण म्हणजे दूधभात नव्हे. गाई-म्हशीच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात, आणि मांजराच्या हृदयाला, डोळ्यांना लागणारं टॉरिन मांस-मासळीतून मिळतं, भातातून नाही. दिवसाला चार जेवणं द्या. पिल्लांसाठीचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून, सोबत बिनमिठाची, काटे काढलेली उकडलेली मासळी किंवा कोंबडी. नुसत्या मासळीवर ठेवू नका, सुकट आणि खारा बांगडा अजिबात नको. वजनकाट्यावर ठेवून बघा. महिन्याला साधारण 450 ग्रॅम धरले तर नऊ आठवड्यांचा बोंबल्या 900च्या आसपास हवा. दूधभातावर तो तेवढा भरला असेल असं मला वाटत नाही.

दात मात्र साडेतीन ते सहा महिन्यांत बदलतील, तेव्हा चपला कुरतडल्या जातील. चपला उचलून ठेवा. आणि काळी भाटी (मादी) निघाली तर चौथ्या महिन्यातच माजावर येऊ शकते, बहीण-भाऊ वगैरे ती बघत नाही, नऊ आठवड्यांत घरात पिल्लं. दोघांचंही ऑपरेशन गणपतीआधी उरकायचं, तारीख आत्ताच विचारून ठेवा.

यजमानांना रविवारपर्यंत थांबवू नका. झाकणाची टोपली, जाड टॉवेल आणि बांगड्याचा एक तुकडा एवढंच लागेल. तुकडा टोपलीत अगदी आत ठेवायचा, पिल्लू पुरतं शिरल्यावर झाकण लावून वर टॉवेल टाकायचा. आणि जायचं ते उजाडल्यावर. काळं आहे, खोक्यांच्या अंधारात दिसणार नाही.