चांगला वाणी शोधायचा तर आधी गिरणी गाठा

प्रश्न : मी मूळची लातूरची. लग्नानंतर वाकडला राहायला आले. माहेरी वर्षाची तूरडाळ एकदम भरली जायची, ज्वारी कुणाच्या शेतातली तेही माहीत असायचं. इथे सगळं मोबाइलवरून येतं, नाहीतर मॉलमधून पाकिटं उचलायची. डाळ शिजते, पण वरणाला चव नाही. सोसायटीखालच्या दुकानांतही बहुतेक पाकिटंच आहेत. सासूबाई म्हणतात, किराणा भरायचा तर पेठेत जा. नोकरी सांभाळून दर महिन्याला वाकडहून पेठेत जाणं कसं जमणार? एवढ्या मोठ्या पुण्यात चांगलं किराणा दुकान ओळखायचं तरी कसं?
— एक वाचक, वाकड

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे, पण ते वर्षातून एक-दोनदा करायचं काम. महिन्याच्या सामानाला तुम्हाला वाकडातच दुकान मिळेल. मात्र त्यासाठी दुकानं बघत हिंडू नका. आधी जवळची पिठाची गिरणी गाठा.

मी नारायण पेठेत बरीच वर्षं मेस चालवली. तेव्हापासून माझा विश्वास गिरणीवाल्यावर. अख्ख्या वस्तीचं धान्य त्याच्या हाताखालून जातं. कोणाच्या गव्हात खडे निघतात, कोणाच्या ज्वारीला टोके लागलेत, कोणाच्या पिठाच्या भाकरी थापताना चिरतात, हे त्याच्या कानावर रोज येतं. त्याला सरळ विचारा, "काका, लोकवन चांगला कोणाकडे मिळतो?" तो स्वतःच गहू विकत असेल तर दुसऱ्याचं नाव घ्यायला का-कू करेल. मग डबा घेऊन नंबरला थांबलेल्या बायकांना विचारा. त्या दुकानाचं नाव तर सांगतीलच, पण तिथे काय घ्यायचं नाही तेही सांगतील.

दुसरा पत्ता म्हणजे पोळी-भाजी केंद्र. तुमच्या वाकड-हिंजवडी भागात आयटीतल्या मुलांना डबे पुरवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. ज्या बाईला रोज पहाटे उठून ढीगभर पोळ्या लाटायच्या असतात, ती वाईट गव्हाच्या दुकानात दुसऱ्यांदा पाऊल टाकत नाही. तिचा वाणी कोण, ते विचारून घ्या. शिवाय अशा गिऱ्हाइकांमुळे त्या दुकानातला माल लवकर उठतो, आणि किराण्यात ताजेपणा बहुतेक तिथूनच येतो.

दुकान कळलं की लगेच महिन्याची यादी देऊ नका. पाव किलो तूरडाळ, पाव किलो शेंगदाणे आणि अर्धा किलो तांदूळ आणा, तिन्ही सुटे.

डाळ तळहातावर घेऊन उजेडात बघा. पॉलिश केलेली डाळ एकसारखी चकचकीत आणि गुळगुळीत असते. बिनपॉलिशची जरा मंद पिवळी दिसते, एखाद्या दाण्याला सालाचा तपकिरी ठिपका राहिलेला असतो, आणि चोळली की बोटांना किंचित पीठ लागतं. दिसायला ती डावी वाटते, म्हणूनच लोक दुसरी उचलतात. घरी आणल्यावर आधी फक्त पाणी घालून शिजवा. हिंग, हळद, मीठ काही नको. कुकर उघडल्यावर डाळीचा स्वतःचा वास आला पाहिजे आणि पळीने घोटताच ती एकजीव झाली पाहिजे. लातूरच्या डाळीवर वाढलेल्या तुम्हाला यापुढचं मी सांगायला नको. शेंगदाण्यांचे चार-पाच दाणे दुकानातच चावून बघा, खवट असतील तर तिथेच कळतं. चावून बघायला जो आडकाठी करतो, त्याचं दुकान सोडा.

तांदळाची परीक्षा घेताना दुकानदाराचीही होते. "इंद्रायणी नवा की जुना?" एवढंच विचारा. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोरापासून तयार झालेला वाण, 1987 साली प्रसारित झाला. म्हणजे तो आपल्या शेजारचाच. त्याचा भात मुळातच चिकट, त्यात तांदूळ नवा असेल तर अगदी गोळा होतो. "नवा आहे ताई, पाणी बेतानंच घाला" असं जो आपणहून सांगतो, तो वाणी धरून ठेवा. "सगळा एकच माल आहे" म्हणणाऱ्याकडून साबण-काडेपेटी घ्यावी, धान्य घेऊ नये.

वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे ना, हे एकदा बघून ठेवा. उघड्या डब्यातून मापून दिलेलं तेल मात्र कितीही ओळखीच्या दुकानातून घेऊ नका.

आता पेठेचं. साठवणीचा गहू, डाळ आणि मिरची घ्यायचे दिवस मार्च ते मे. नवा माल येतो आणि वाळवायला ऊनही कडक असतं. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार म्हणजे धान्य-कडधान्याचा विभाग आहे, तिथे जा, पण एकट्या जाऊ नका. गाळ्यांवर गोणीचा व्यवहार, त्यामुळे सोसायटीतली तीन-चार घरं मिळून गेलात तर भाव आणि वाटणी दोन्ही परवडतं. असं एकत्र येणं पुण्याला नवीन नाही. 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली ती इथेच, आणि टिळक रस्त्यावरचं ‘ग्राहक पेठ’ हे दुकान तुम्ही ऐकून असालच. ज्वारी घेताना मंगळवेढ्याची मालदांडी मागा. सुक्या मिरच्या आणि खडा मसाला मंडई आणि रविवार पेठेच्या बाजूला बघा. संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी शेजारीशेजारी मांडलेल्या असतात, हातात घेऊन वास घेता येतो. जाताना दुपारची वेळ टाळा, पेठेतली बरीच दुकानं तेव्हा बंद असतात.

आणि सगळं एकाच दुकानात मिळायला हवं, हा आग्रह सोडा. इडलीचा तांदूळ आणि सांबाराचं सामान रास्ता पेठेत चांगलं, कारण दाक्षिणात्य मंडळी तिथे पूर्वीपासून राहतात. सिंधी पापड नि कमळकाकडी हवी तर पिंपरी कॅम्प तुम्हाला जवळच आहे. ज्या वस्तीत जो पदार्थ रोज शिजतो, तिथला दुकानदार त्याचा वाईट माल ठेवू धजत नाही.

वाकडातलं दुकान मनाला आलं की दोन महिने तरी तिथूनच घ्या. पैसे वेळेवर द्या, यादी आदल्या दिवशी फोनवर सांगा. रव्यात जाळी निघाली किंवा पोह्यांना वास आला तर गप्प बसून फेकून देऊ नका, पुडी तशीच परत घेऊन जा. त्याने कुरकुर न करता बदलून दिली तर वर्षाची तूरडाळसुद्धा त्यालाच मागवायला सांगा. पोतं उघडण्याआधी तुम्हाला बोलवायला सांगायचं तेवढं विसरू नका.