धंद्याचा स्वभाव आणि अडकलेले २२ हजार

धंद्याला एक स्वभाव लागतो आणि नेमका तोच आपल्यात नाही, ही खंत घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. सोलापूरच्या एक ताई अशाच आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय ३४, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. संध्याकाळी घरच्या दोन मशीनवर परकर आणि गाऊन शिवून बाजारातल्या एका दुकानदाराला ठोकात द्यायच्या. नोकरी सोडून हेच वाढवायचं मनात होतं. पण कुठल्याशा शिबिरात वक्त्याने सांगितलं, उद्योजक बोलका, बेधडक, जोखमीला न घाबरणारा असतो. घरी येऊन मोबाइलवर चाचणी दिली, तर उत्तर आलं ‘अंतर्मुख’.

“मॅडम, अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. मी कसला धंदा करणार?”

बोलकेपणाची काळजी मी लगेच बाजूला ठेवली. झाओ आणि सायबर्ट या संशोधकांनी २००६ साली उद्योजक आणि नोकरीतले व्यवस्थापक यांच्या स्वभावाची तुलना करणारे अनेक अभ्यास एकत्र तपासले होते. बहिर्मुखतेत दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. उद्योजक पुढे होते ते काटेकोरपणात आणि नव्याची ओढ असण्यात. ते घाबरट कमी होते आणि दुसऱ्याचं मन राखण्यातही कमी होते.

हे शेवटचं ऐकून ताई गप्प झाल्या. काटेकोरपणा त्यांच्या वहीत दिसत होता: किती मीटर कापड, किती नग, किती चिंध्या, सगळं तारखेसकट. त्याच वहीत त्या दुकानदाराच्या नावापुढे २२ हजार रुपये चार महिने तसेच पडून होते. आणि तरीही नवा माल जातच होता.

“मागितले का?”

“लाज वाटते. ओळखीतले आहेत.”

भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही. शिबिरातला वक्ता बेधडकपणावर तासभर बोलला, उधारीच्या वसुलीवर एक वाक्यही नाही. छोटे धंदे आतून पोखरले जातात ते इथे. माल विकला जातो, नफा वहीत दिसतो आणि कापडवाल्याला द्यायला हातात पैसे नसतात.

मग सरावासाठी मी दुकानदार झाले. ताई म्हणाल्या, “दादा, जमलं तर थोडे बघा ना.” मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. त्या लगेच म्हणाल्या, “बरं.” संपलं! मग आम्ही त्यांच्याच तोंडी बसेल असं वाक्य जुळवलं: “दादा, मागच्या मालाचे २२ हजार राहिलेत. शनिवारी निम्मे द्या, मग नवा माल आणते.” वाक्य पाठ झालं. खरी अडचण त्यानंतर गप्प राहण्याची होती. समोरून उत्तर यायच्या आत त्या स्वतःच म्हणून मोकळ्या व्हायच्या, “अडचण असेल तर राहू द्या.” ते सुटायला बराच सराव लागला. ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी ऑनलाइन फुकट होते, आणि नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, हेही सांगितलं. ओळखीच्या दुकानदाराला कुणी कायदा दाखवत नाही, पण हक्काचं मागतोय एवढं कळलं की आवाज बदलतो.

जोखमीबद्दल मी एवढंच विचारलं, “किती गेले तर घर हलणार नाही?” सरस सरस्वती या संशोधिकेने अनुभवी उद्योजकांच्या अभ्यासातून मांडलेला हा विचार आहे: मिळेल किती यापेक्षा गेलं तर झेपेल किती, हे आधी ठरवायचं. ताई म्हणाल्या, “४० हजार. दागिने नाही.” म्हणजे दागिने गहाण ठेवायचं बारगळलं, आणि नोकरी सोडायचंही तूर्त लांबलं.

“मग हा भित्रेपणाच की!”

मला तसं वाटत नाही. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका अभ्यासात नोकरी सांभाळून सुरुवात करून मग पूर्णवेळ धंद्यात उतरलेल्यांचे धंदे बंद पडण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश कमी दिसली. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सगळ्यांना आठवतो. त्याआधी मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असतानाच ते सायकली विकत घेऊन बेळगावला भावाकडे विक्रीला पाठवायचे, हे शिबिरात कुणी सांगत नाही.

दुकानदाराने १२ हजार दिले, बाकीच्यासाठी अजून टोलवतोय. ताईंनी त्याचा माल थांबवला आणि दुसरी दोन दुकानं धरली. तिथे निम्मे पैसे आगाऊ. बोलणं अजून कमीच. आता मदतीला एक बाई ठेवली आहे, पण कापडाला कात्री मात्र ताई कुणाला लावू देत नाहीत. वही नीट ठेवणारा तोच काटेकोरपणा आता आडवा येतोय. पुढच्या भेटीत विषय तोच आहे.