कार्बन डायऑक्साइड फोडायचा तर वीज किती लागेल?

प्रश्न : हवेतला कार्बन डायऑक्साइड फोडून कार्बन आणि ऑक्सिजन वेगळे केले, तर तापमानवाढ आटोक्यात येईल. मग हे कोणी करत का नाही?

उत्तर : आधी विजेचा हिशेब मांडून पाहा. कार्बन जळताना जेवढी उष्णता मिळाली, किमान तेवढी ऊर्जा परत मोजावी लागते : 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडला 394 किलोज्यूल. म्हणजे किलोमागे सुमारे अडीच युनिट, तेही काहीच वाया गेलं नाही असं धरून. कोळशाची एक युनिट वीज तयार होताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडतो. थोडक्यात, एक किलो फोडायला अडीच किलो नवा सोडायचा! सौर वीज वापरू म्हणाल, तर तीच अडीच युनिटं ग्रिडला दिल्यास तेवढा कोळसा जळायचाच वाचतो. कोळशाची केंद्रं चालू आहेत तोवर आमचं मत स्पष्ट आहे : आधी ती वीज तिकडे द्या. शिवाय हवेत हा वायू जेमतेम 0.04 टक्के, एक किलो गोळा करायला किमान 1,300 घनमीटर हवा गाळावी लागते.

प्रश्न : प्रयोगशाळेत हे जमतं ना? तिथे अडतं कुठे?

उत्तर : तिथे बहुधा एकच ऑक्सिजन अणू सोडवून कार्बन मोनॉक्साइड काढतात, तो रसायन उद्योगाला लागतो. चांदीचा थर दिलेला सच्छिद्र कॅथोड (विजेचं ऋण टोक) आणि पोटॅशियम बायकार्बोनेटचं द्रावण, अशी मांडणी असते. हिशेबाने 1.33 व्होल्ट पुरावेत, प्रत्यक्षात तीनच्या आसपास लागतात. खरी डोकेदुखी क्षारांची. कॅथोडपाशी हायड्रॉक्साइड तयार होतो आणि फुटलेल्या प्रत्येक रेणूमागे आणखी एक रेणू कार्बोनेट होऊन अडकतो. पोटॅशियमच्या क्षाराचे पांढरे खडे छिद्रांत बसले, की वायू आत शिरत नाही, द्रावण मात्र शिरतं, आणि मोनॉक्साइडऐवजी हायड्रोजन निघू लागतो. म्हणून पोटॅशियम कमी ठेवतात किंवा कॅथोडची बाजू मधूनमधून शुद्ध पाण्याने धुतात.

नासाच्या मॉक्सी यंत्राने 800 अंश सेल्सियसला, वेगळ्या पद्धतीने, 2021 ते 2023 दरम्यान मंगळावर 122 ग्रॅम ऑक्सिजन काढला. पण तिथली हवाच 95 टक्के कार्बन डायऑक्साइडची आहे.

प्रश्न : झाडं तर रोज फोडतात!

उत्तर : पानातून सुटणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो. कार्बन डायऑक्साइड आधी अख्खाच एका साखरेला जोडला जातो. पुढचं काम उन्हातून मिळालेल्या ऊर्जेवर चालतं.