पणजीचं चरित्र: कागद कुठे शोधावेत?

प्रश्न : आमची पणजी १९२०च्या सुमारास सातारा जिल्ह्यात मुलींच्या शाळेत शिकवत असे. घरात एक फोटो, थोडी पत्रं आणि ऐकीव आठवणी आहेत. पुस्तिका काढायची आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी तिच्या सगळ्या नावांचा तक्ता करा. माहेरचं नाव, लग्नात बदललेलं नाव, वडील, नवरा, सासरे, दोन्हीकडची गावं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. तुमच्या पणजीचंही तसंच असू शकतं. एकच नाव घेऊन शोधलं, की निम्मं आयुष्य निसटतं.

मग तहसील कचेरीत कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, पाहा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. वडिलांचं नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढंच. म्हणून वडिलांच्या नावाने शोधायचं. बरीच पानं मोडीत असतात. वाचणारा जाणकार सोबत न्या, आणि शब्दन्‌शब्द उतरवून घेताना वहीचा, पानाचा क्रमांक लिहा. जमिनीच्या फेरफारात, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीत, वारस म्हणून बाई कधी कधी सापडते, पण ‘राधाबाई कोम विठोबा’ अशी. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’नंतर नवऱ्याचं नाव येतं.

शाळेचं जनरल रजिस्टर तिच्या विद्यार्थिनींचं; तिचा पगार, बदली, प्रशिक्षण शिक्षण खात्याच्या कागदांत शोधा. ती पुण्याला शिकली असेल, तर १८७० साली सुरू झालेल्या फीमेल ट्रेनिंग कॉलेजपासून चौकशी करा. त्या काळच्या नियतकालिकांतली पत्रं आणि निबंधही चाळा. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता आज आपल्याला ठाऊक आहे, ती १८५५मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापला गेला म्हणून.

तारखांत सगळ्यात जास्त चुका शकामुळे होतात. इसवी सन काढताना शकात सरसकट ७८ मिळवू नका. वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे माघ-फाल्गुनाच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात: शके १८१२चा माघ १८९१मध्ये येतो, १८९०मध्ये नाही.

घरची आठवण आणि कागद जुळले नाहीत, तर दोन्ही छापा, कोणतं कुठलं ते सांगा. ‘जिल्ह्यातली पहिली शिक्षिका’ हे मात्र पुराव्याशिवाय लिहू नका. तिच्या आधीच्या एखादीचं नाव त्याने पुसलं जातं, आणि तेच थांबवायला तर आपण बसलोय.

प्रश्न : पत्रं आणि फोटो छापायला परवानगी लागते का?

उत्तर : पत्राचा कागद ज्याच्याकडे असेल त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणारीचा आणि नंतर तिच्या वारसांचा. छापील लेखनाला लेखिकेच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. पण तिच्या हयातीत कधीच न छापलेल्या पत्रांची मुदत पहिल्या प्रकाशनापासून सुरू होते. म्हणून सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, दूरच्या शाखेतल्यांचीसुद्धा. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि मागची बाजूही करा. स्टुडिओचा शिक्का कित्येकदा तिथेच असतो आणि काळ ठरवायला उपयोगी पडतो.

पानं १६च्या पटीत ठेवा, म्हणजे फॉर्म, म्हणजे एकत्र छापला जाणारा १६ पानांचा ताव, वाया जात नाही. ८० पानं पुष्कळ झाली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. छपाईच्या आधी अर्ज करा. प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते.