लिलावातली जोंगा आणि तिच्यातला वायरलेस सेट

प्रश्न : लष्कराच्या लिलावात एका भंगार व्यापाऱ्याने घेतलेल्या लॉटमधील १९७२ सालची जोंगा ही लष्करी जीप मी त्याच्याकडून विकत घेतली. तिच्या मागच्या बाजूस एक जुना वायरलेस सेट बसवलेला आहे. माझ्याजवळ व्यापाऱ्याची पावती आणि डिलिव्हरी ऑर्डरची, म्हणजे लिलावातला माल लष्करी डेपोतून सोडण्याच्या आदेशाची, झेरॉक्स आहे. आरटीओने पासिंगला नकार दिला आणि आता सेटचा परवाना दाखवा, असे पत्र पोलिसांनी दिले आहे. सेट काढून टाकून गाडी मूळ हिरव्या रंगात रस्त्यावर आणता येईल का?

उत्तर : आपल्या पत्रात गाडीची काळजी अधिक दिसते, मला सेटची अधिक वाटते.

भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय असे यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे, मग त्यावरून आपण एक शब्दही प्रक्षेपित केलेला नसो. या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्येही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकारपत्राची अट आहे. सेट बंद पडलेला आहे, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, कारण जुन्या कायद्याच्या व्याख्येत ‘वापरता येण्याजोगे’ यंत्र अभिप्रेत आहे; परंतु एखादा व्हॉल्व्ह बदलून आणि बॅटरी जोडून तो बोलू लागणार असेल, तर या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नये. हौशी रेडिओचा म्हणजे हॅमचा परवाना परीक्षा देऊन मिळतो आणि आपला छंद पाहता तो अवश्य घ्यावा. मात्र तो हौशी रेडिओसाठी ठरलेल्या लहरींच्या पट्ट्यांपुरताच असतो, आणि आजवरचा विनापरवाना ताबा त्याने धुऊन निघत नाही.

सेट काढून टाकण्याचा विचार तूर्त सोडून द्या. पोलिसांचे पत्र हाती पडल्यानंतर तो मोडला, विकला किंवा मित्राच्या गोदामात हलवला, तर आज परवान्यापुरता असलेला प्रश्न पुरावा नाहीसा केल्याच्या आरोपापर्यंत जाईल. पत्रावर कोणते कलम लिहिले आहे, ते आधी पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ असेल, तर कागद किंवा वस्तू हजर करण्यास सांगितले आहे. कलम ३५(३) असेल, तर ती संशयितास दिलेली हजर राहण्याची नोटीस आहे आणि वकिलाशी बोलल्यावाचून जबाब देऊ नये. उत्तर लेखी द्यावे, सेट कसा आला ते सरळ सांगावे आणि पोचेची प्रत घ्यावी.

आता ती झेरॉक्स पुन्हा एकदा भिंगाखाली धरा. तिच्यात सेटचा उल्लेख असेल, तर तो उजळ माथ्याने बाहेर आला, असे म्हणता येते. नसेल, तर तो डेपोतून कसा सुटला हा प्रश्न व्यापाऱ्यापाठोपाठ आपल्यालाही विचारला जाईल, आणि चोरीचा माल घेतल्याबद्दलचे कलम, भारतीय न्याय संहितेतील ३१७, तिथून फार दूर नाही.

गाडीविषयी आरटीओची भूमिका मला चुकीची वाटत नाही. संरक्षण खात्याच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ६० खाली वेगळी होते आणि त्या वापरातून निघाल्यावर त्यांची नागरी नोंदणी नव्याने करावी लागते. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४७ लष्करातून निघालेल्या गाडीकरिता संबंधित प्राधिकाऱ्याचे मूळ विक्री प्रमाणपत्र मागतो; व्यापाऱ्याची पावती त्याची जागा घेत नाही. डिलिव्हरी ऑर्डरमध्ये चेसिस नंबर आहे की नुसता लॉट नंबर आणि वजन, यावर बरेच अवलंबून आहे. वजनावर भंगार म्हणून विकलेली गाडी रस्त्यावर आणण्याची आशा मी आपल्याला देणार नाही. चेसिस नंबर असेल, तर त्यावरचे रंगाचे थर हलक्या हाताने काढून, घासून किंवा पंच करून नव्हे, तो जुळतो का ते पाहा आणि व्यापाऱ्यामार्फत डेपोकडे प्रमाणपत्राची मागणी करा. दाद लागली नाही, तर लिलावाची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मागता येतील.

पन्नास वर्षे ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, आणि मालकीचे कागद तिथेही चुकत नाहीत.

रंगाचे उत्तर सोपे आहे, जरी ते आपल्याला रुचणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठीच राखीव आहे. बाणाची खूण असलेली जुनी लष्करी नंबरप्लेटही रस्त्यावर लावता येणार नाही. ती घरात भिंतीवर टांगावी. बॉडीला दुसरा रंग निवडा, पण पोलिसांचे प्रकरण मिटेपर्यंत ब्रशला हात लावू नका.